दिसतंय, दिसतंय

होडीवाला ऊ चो न्येन आता शांत झोपतो, हे को ल्विनला चहाच्या दुकानात कळलं.

दुकान डॉ प्यूचं. डॉ म्हणजे मावशी, डॉक्टर नव्हे. ती कढईतली भजी उलटता उलटता सांगत होती. "माणूस किती बदलतो बघ. आधी होडीत चढताना कुणाची चप्पल घसरली तरी त्याचं सगळं खानदान उद्धरायचा. वर्षावासात महिनाभर डोंगरावर ध्यानाला जाऊन आला, तेव्हापासून आवाज म्हणून नाही. बीपीची गोळी अर्ध्यावर आली. बायको सांगते, उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतो. लहान मुलासारखा झोपतो म्हणे."

"झोपतो?" को ल्विनने विचारलं.

"तूही जाऊन बस की. तिंजानला दहा दिवसांचं शिबिर आहे. तोही जातोय. तुझी तब्येत बघ जरा. गालाची हाडं वर आलीत."

को ल्विनने चहाचे पैसे पुढे सरकवले. चहा अर्धा ठेवून उठला.

तो सहाणा करायचा. बायका तोंडाला लावायला ज्यावर तनाखाचं खोड उगाळतात त्या गोल दगडी सहाणा. पंचवीस वर्षांचं काम, पण गेल्या अकरा महिन्यांत त्याच्या हातून एक सहाण धड उतरली नव्हती. छिन्नी हलायची. कडा फुटायची. झोप लागली तर तासभर, जेवायला बसलं की भाताला चव नाही. त्याची बायको मा न्वे अकरा महिन्यांपूर्वी गेली, आणि ती ज्याच्यामुळे गेली असं को ल्विन मानत होता तो माणूस लहान मुलासारखा झोपत होता.

झालं होतं ते असं. कासोन, म्हणजे वैशाख महिन्यातल्या एका सकाळी मा न्वेच्या पोटात कळ उठली. गावात डॉक्टर नाही. मोठं इस्पितळ नदीपलीकडे, मंडालेला. पलीकडे नेणारी होडी एकच, ऊ चो न्येनची. नवराबायको काठावर आले तेव्हा होडी लागलेली होती, इंजिनही नीट होतं, पण ऊ चो न्येन निघेना. वरच्या अंगाच्या एका घरी पाच भिक्षू दानाच्या जेवणाला गेले होते. ते परत यायचे होते. भिक्षूंना काठावर सोडून होडी कशी काढायची? सव्वा तास गेला. भिक्षू आले, त्यांना पुढे बसवलं, मग होडी सुटली. इस्पितळाच्या दारात मा न्वेने मान टाकली. पोटात आतडं फुटलं होतं. तिथला डॉक्टर म्हणाला, तासभर आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

भिक्षूंना फुकट नदीपार नेल्याचं पुण्य ऊ चो न्येनला लागलं. आणि वर झोपही लागत होती. को ल्विनने त्याच संध्याकाळी ध्यानकेंद्राच्या यादीत नाव घातलं. त्याला शांती नको होती. त्याला त्या म्हाताऱ्याची शांती मोडायची होती.

*

तिंजान म्हणजे सगळा देश रस्त्यावर येऊन एकमेकांना पाण्याने भिजवतो ते दिवस. ज्यांना भिजायचं नसतं ते डोंगरावर जाऊन बसतात. ध्यानकेंद्रात पुरुषांच्या दालनात चाळीस जण होते. मोबाइल काढून घेतले, अष्टशील दिलं, बाराच्या पुढे जेवण नाही, आणि दहा दिवस बोलणं बंद. बोलायचं फक्त दर दुसऱ्या दिवशी, सयाडोंसमोर. सयाडो म्हणजे तिथले मोठे भन्ते. पाच-सहा जणांची तुकडी त्यांच्यापुढे बसायची आणि प्रत्येकाने ध्यानात काय काय आलं ते सगळ्यांदेखत सांगायचं. सजवायचं नाही, लपवायचं नाही.

चटया वाटणाऱ्याला को ल्विन म्हणाला, "मला तिथे द्या. त्या काकांच्या मागे."

"पंख्याखाली आहे जागा."

"पंखा नको. तिथेच द्या."

ऊ चो न्येनने मागे वळून पाहिलं. ओळखलं. मान हलवली. को ल्विनने हलवली नाही.

ध्यान सोपं होतं. श्वास आत घेताना पोट फुगतं, सोडताना आत जातं. मनातल्या मनात म्हणायचं, फुगतंय, आत जातंय. मध्येच गुडघा दुखला की म्हणायचं, दुखतंय, दुखतंय. राग आला की, राग, राग. डोळ्यांपुढे काही आलं तर, दिसतंय, दिसतंय. जे येईल त्याची नोंद करायची, त्याच्याशी भांडायचं नाही, परत पोटावर यायचं.

को ल्विनने यातलं काही केलं नाही. तो पुढच्या पाठीकडे बघत बसला. म्हाताऱ्याचा श्वास लांब पडायला लागला की तो घसा खाकरायचा. मग नाक ओढायचा. चालण्याच्या ध्यानात सगळे अंगणात मुंगीच्या पावलाने चालायचे, पाऊल उचलतोय, पुढे नेतोय, टेकवतोय असं म्हणत. तिथे को ल्विन बरोब्बर मागे राहायचा आणि दिवसातून चारदा तरी त्याच्या टाचेवर पाय द्यायचा. ऊ चो न्येन थांबायचा. "दुखतंय, दुखतंय" म्हणत असावा. मग पुढे चालायचा. जेवणाच्या पंगतीत म्हाताऱ्याचा हात चहाच्या पानांच्या लोणच्याकडे गेला की को ल्विन आधी वाटी उचलायचा आणि सगळं आपल्या ताटात ओतायचा.

खोलीतला सोबती को बो तिन नावाचा एक जाडा शिंपी होता. मौन पाळणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो चटईवर कलंडून कुजबुजला, "दादा, तू ध्यानाला आलायस की कोंबड्याच्या झुंजीला?"

"गप बस. शील मोडतंय तुझं."

"माझं मोडतंय. तुझं तर सुरूच झालेलं नाही. त्या म्हाताऱ्याने काय घोडं मारलंय तुझं?"

को ल्विन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

पण दिवसाचे दहा-बारा तास नुसतं बसायचं म्हटल्यावर माणूस किती खाकरणार? घसा सुकला की तो आपोआप पोटाकडे यायचा. फुगतंय, आत जातंय. तिसऱ्या रात्री त्याला सलग पाच तास झोप लागली. चौथ्या दिवशी सकाळी अंबाडीच्या पाल्याचं आंबट सार वाढलं, आणि ते आंबट लागलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आंबट लागलं. त्याने हात पुढे धरून पाहिला. बोटं स्थिर होती.

त्याला आनंद झाला नाही. आपल्याच अंगाने दगा दिला असं वाटलं. न्वे तिकडे राख होऊन गेली आणि याला साराची चव कळतेय! त्याने वाटी बाजूला सारली. त्या दिवशी तो मुद्दाम जास्त खाकरला.

*

त्याच दिवशी सयाडोंसमोर त्यांच्या तुकडीची पाळी आली. सयाडो ऐंशीच्या पुढचे, एका कानाने कमी ऐकणारे. त्यामुळे सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागायचं.

ऊ चो न्येनची पाळी को ल्विनच्या आधी होती. त्याने तीनदा वाकून नमस्कार केला आणि सांगायला लागला.

"भन्ते, पोट नीट दिसतं. पाय जड होतात, त्याची नोंद करतो. आणि एक बाई दिसते. ती वर्षभर येतेय. नदीकाठी चिंचेखाली बसलेली. हिरवी लुंगी, पोटाशी हात धरलेला. आधी यायची तेव्हा माझी छाती धडधडायची, रात्र रात्र जाग. आता नोंद करतो. दिसतंय, दिसतंय. तीन-चारदा म्हटलं की विरते."

"विरताना काय होतं?" सयाडोंनी विचारलं.

"आधी तोंड जातं, भन्ते. मग हात. लुंगीचा रंग शेवटी जातो."

"मग?"

"मग पोट फुगतंय, आत जातंय."

"ठीक. करत राहा."

 वर्षभर को ल्विन आपल्या घरी न्वेचं तोंड जाऊ नये म्हणून धडपडत होता. फोटो एकच, तोही लग्नातला, रंगवलेला. तिची हनुवटी नेमकी कशी होती हे आठवायला त्याला हल्ली डोळे मिटून बसावं लागायचं. आणि हा माणूस, ज्याने तिला काठावर सव्वा तास बसवलं, तो रोज तिला बोलवत होता आणि पुसत होता. चार शब्दांत. आधी तोंड.

"तुझं काय?" सयाडोंनी त्याला विचारलं.

"पोट फुगतं, आत जातं," को ल्विन म्हणाला. 

पण बाहेर पडताना त्याला कळलं होतं की खाकरून आणि टाचा तुडवून काही होणार नाही. इथे बोलायची एकच जागा होती. नियमच होता, आलेलं सगळं सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कुणी थांबवायचं नाही. मग त्याने दोन दिवस खाकरणं सोडलं. तो बसला आणि न्वेला बोलवलं. नोंद करायची नाही, जाऊ द्यायचं नाही, म्हणेल ते ऐकायचं. तीही आली. मन एवढं निवळलं होतं की वर्षभर न सापडलेल्या गोष्टी आपण होऊन वर आल्या.

सहाव्या दिवशी तुकडी पुन्हा बसली. या वेळी को ल्विन पुढे सरकून पहिला बसला. नमस्कार केला. आवाज मोठा लावला.

"भन्ते, मलाही एक बाई दिसते. तिचं नाव मा न्वे. माझी बायको. लुंगी हिरवी, पण साधी हिरवी नाही, खाली पिवळी वेल आहे. ती तिच्या आईची होती. डाव्या भुवईवर व्रण, लहानपणी मडक्याच्या खापरीचा. हनुवटी जराशी पुढे. हसली की हाताने झाकायची, कारण एक दात तिरका. त्या दिवशी तिने पेज केली होती, स्वतः दोन घोट घेतले आणि ओकली. तरी निघताना तोंडाला तनाखा लावला. म्हणाली, होडीत चार माणसं असतात, भूत दिसायला नको. मी उगाळून दिला. घाईत उगाळला, म्हणून एका गालावर जाड, एका गालावर पातळ. चिंचेखाली बसली तेव्हा घामाने जाड गालावरचा उतरायला लागला. ती तेवढाही पुसत होती, लुंगीला डाग पडू नये म्हणून. दर थोड्या वेळाने विचारायची, भन्ते आले का? मी म्हणायचो, येतील. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. इथे. त्याची खूण तीन आठवडे होती, मग तीही गेली. होडीपाशी जाऊन मी विचारलं, कधी सुटणार? उत्तर मिळालं, पाच भन्ते यायचेत. सव्वा तास. होडी रिकामी. इंजिन नीट. हे सगळं मला दिसतं. आणि भन्ते, माझं विरत नाही."

 ऊ चो न्येनचे हात जोडलेलेच राहिले होते, पण बोटं सुटत होती आणि पुन्हा जुळत होती.

"एवढंच आलं?" सयाडोंनी विचारलं.

"एवढंच."

सयाडो म्हणाले, "जे आलं आणि सांगितलंस, ते झालं. काही आलं असेल आणि राहिलं असेल, तर त्याचीही नोंद कर."

मग ऊ चो न्येनची पाळी आली. म्हाताऱ्याने वाकून नमस्कार केला. "भन्ते, आज काही सांगता येत नाही," एवढं म्हणून तो तसाच वाकून राहिला.

*

सूड लागू पडला. सातव्या दिवशी ऊ चो न्येनची पाठ बसल्या जागी थरथरत होती. आठव्या दिवशी त्याने सकाळचा भात परत केला. केंद्रातल्या परिचारिकेने त्याच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं आणि डोकं हलवलं. चालताना तो मध्येच थांबायचा, आणि को ल्विन मागे उभा राहून बघायचा. आता टाच तुडवायची गरज नव्हती.

को बो तिन म्हणाला, "पोट भरलं?"

"अजून नाही."

"म्हातारा मरेल दादा."

"त्याला सव्वा तास थांबायला सांग. भन्ते यायचेत."

हे बोलताना त्याला फार बरं वाटलं. गार पाणी प्यायल्यासारखं. पण डोळे मिटले की, राहिलेलं होतं ते यायचं.

तो होडीपाशी गेला होता, कधी सुटणार विचारलं होतं, पाच भन्ते यायचेत असं उत्तर मिळालं होतं. हे सगळं खरं. पण त्यानंतर ऊ चो न्येनने चिंचेकडे बघून विचारलं होतं, "काय झालंय तिला? फार आहे का?" आणि को ल्विन हसला होता. आपल्याकडे वडीलधाऱ्याला पेचात टाकायचं नसतं. त्यातून पाच भिक्षूंचा प्रश्न. न्वेनेही बजावलं होतं, माझ्यापायी भन्त्यांना खोळंबवू नका, मला लाज वाटेल. तेव्हा को ल्विन हसून म्हणाला होता, "काही नाही काका, जरा पोट बिघडलंय. निवांत निघा तुम्ही."

निवांत निघा तुम्ही.

ऐकू येतंय, ऐकू येतंय, अशी त्याने नोंद केली. शंभरदा केली. ते वाक्य विरेना. पोट फुगायचं आणि ते वाक्य यायचं, आत जायचं आणि ते तिथेच असायचं. अकरा महिने ते कुठे होतं? रागाच्या खाली दडपून ठेवलं होतं. रागाला खतपाणी न घालता नुसतं बसलं, तर ते वर येणारच होतं. डॉ प्यूने हे काही सांगितलं नव्हतं.

*

दहाव्या दिवशी नवं वर्ष लागलं. सकाळच्या जेवणानंतर मौन सुटलं. अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. को ल्विन पायऱ्यांवर पिशवी बांधत होता. समोर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं, तर ऊ चो न्येन गुडघे टेकत होता. पासष्ट वर्षांचा माणूस, नव्या वर्षाच्या दिवशी, वीस वर्षांनी लहान माणसापुढे.  असं उलटं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मला माफ कर," म्हातारा म्हणाला आणि कपाळ फरशीला टेकवलं.

को ल्विनला हेच हवं होतं. अगदी असंच, सगळ्यांसमोर. त्याने म्हाताऱ्याच्या टकलाकडे बघितलं. गप्प राहिलं असतं की झालं होतं. सगळं त्याच्या पदरात पडलं असतं.

"उठा," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं होतंत. काय झालंय तिला म्हणून. मी म्हटलं काही नाही. निवांत निघा म्हटलं. हे मी भन्त्यांना सांगितलं नाही. आता सांगतोय. झालं? उठा."

ऊ चो न्येन उठला नाही. नुसती मान वर केली. "ते मला आठवतं."

"आठवतं? मग त्या दिवशी बोलला का नाहीत? भन्त्यांसमोर मला खोटं पाडता आलं असतं."

"खोटं कसलं? इथे 'काही नाही' म्हणणाऱ्याला काही नसतं, असं कोण मानतं, पोरा? माझी बायकोही 'काही नाही' म्हणते तेव्हा मी डॉक्टर शोधतो. मी तिचं तोंड पाहिलं होतं. तुझं हसणंही पाहिलं होतं. मला कळलं होतं. मला सोयीचं होतं म्हणून तुझं ऐकलं."

को ल्विनचे हात पिशवीच्या गाठीवर थांबले. दहा दिवस खपून त्याने स्वतःचं वाक्य बाहेर काढलं होतं, आणि म्हाताऱ्याने ते असं सहज उचलून बाजूला ठेवलं. वाक्याखाली निघालेला दोष म्हाताऱ्याचाच होता.

"मग तर मी माफ करत नाही," तो म्हणाला.

"नको करूस. एक विचारू? आता पाणी सोडायचंय. दहा दिवसांचं पुण्य वाटायचंय. माझं मी तिच्या नावाने सोडू?"

"नाही."

"बरं."

"तुमचं पुण्य तुमच्यापाशीच ठेवा, काका. तुम्हाला लागेल."

को बो तिन मागून पुटपुटला, "अरे देवा." 

घंटा झाली. सगळे दालनात ओळीने बसले. प्रत्येकापुढे एक लोटी, एक वाटी. भन्ते पाली म्हणत होते, आणि ज्याने त्याने वाटीत थेंब थेंब पाणी सोडत आपापल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची होती. को ल्विनने "मा न्वे" म्हटलं. शेजारी ऊ चो न्येन होता. त्याचं पाणी पडत होतं, आणि तोंड बंद होतं. ओठ एवढे घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. नाही म्हटलं म्हणून म्हातारा नावाशिवाय पाणी सोडत होता.

को ल्विनला बरं वाटलं. अंगभर बरं वाटलं. दहा दिवसांची सवय होती, म्हणून त्याने त्याचीही नोंद केली. बरं वाटतंय, बरं वाटतंय. तीन-चारदा म्हटलं आणि ते विरलं. एवढ्यात. त्याने पुन्हा शोधून पाहिलं. नव्हतं. राग तेवढा होता, जागच्या जागी, आणि न्वेच्या वाट्याला यायचं पुण्य तिकडे बिननावाचं वाटीत पडत होतं.

म्हाताऱ्याच्या लोटीत दोन घोट पाणी उरलं होतं.

"घ्या नाव," को ल्विन त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पण मनात नाही. मोठ्याने. भन्त्यांच्या त्या बहिऱ्या कानाला ऐकू जाईल असं."

ऊ चो न्येनने श्वास घेतला. पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही.

"पुन्हा," को ल्विन म्हणाला.